आधी बबिताला बसवा

१२ मे, सोमवार

आली एकदाची! डांबरी रोडला टेम्पोतून उतरवली आणि तिथून शेतातल्या आखाड्यापर्यंत, म्हणजे आमच्या घरापर्यंत, ह्यांनी चालवत आणली. चार जाड चाकं, मधे मोटारसायकलीसारखं सीट आणि हँडल, मागं लोखंडी कॅरिअर. कंपनीच्या पुस्तकात ‘क्वाड बाईक’ लिहिलंय. आत्याबाईंनी एकदा तिरप्या नजरेनं बघितलं. ‘बेडूक हाय की ह्यो!’ झालं, नाव पडलं. माझ्या सासूनं ठेवलेलं नाव कुणी बदलत नाही.

चाकाखाली लिंबू ठेवलं, दिव्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मी पदर खोचून बसायला निघाले तर आत्याबाईंचा हात आडवा आला.

‘आधी बबिताला बसवा.’

मी माझ्या गळ्यातला टाक काढून दिला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती बबिता, ह्यांची पहिली बायको. दुसरेपणाला आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवी साडी आधी टाकाला लावायची. सणाचा पहिला घास तिच्या नावानं काढायचा. हे सगळं मी लग्नातच मान्य केलंय. पण इंजिनाला पण?!

टाक सीटवर ठेवला. ह्यांनी गाडी बंद ठेवूनच थोडी पुढं ढकलली. आत्याबाईंनी डोळे पुसले. मग माझा नंबर लागला. सीट गरम होतं. मेचं ऊन आहे, गरम असणारच. पण मला वाटलं, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

१४ मे

गाडी का घेतली हे घरात कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नाही.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, बबिताला कापसात साप चावला. इथून डांबरी रोडपर्यंत सगळी काळी माती. पाऊस झाला की ट्रॅक्टर फसतो. मोटारसायकलीच्या मडगार्डमधे चिखल बसतो आणि चाक जागचं हलत नाही. तिला बाजेवर घालून चौघांनी उचललं. ओढा ओलांडला, पलीकडच्या चढावर हिवराच्या झाडाखाली खांदा बदलायला बाज टेकवली. परत उचलली तेव्हा ती गेलेली होती. हे मला घरातल्यांनी नाही, बांगड्या भरणाऱ्या कस्तुराबाईनं सांगितलं.

काल हे जेवता जेवता म्हणाले, ‘तुला सहावा लागलाय. भादव्यात दिवस भरतेत. भादव्यात आपल्याला रस्ता नसतो.’ आणि भाकरीकडं बघत बसले. दोन वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं पहिल्यांदा ऐकलं.

आत्याबाईंचं वेगळंच. ‘लेकरू झालं की आधी बबिताच्या टाकापुढं ठिवायचं. आधी तिचं, मग तुझं.’

तिथं गप्पच बसायचं असतं. पण इथं लिहिते. साडी आधी तिची, घास आधी तिचा, नवरा तर तिचाच आधी! लेकरू मात्र आधी माझं. हे मी कुणाला देणार नाही. मेलेल्या बाईला तर नाहीच.

१९ मे

अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांचं मानवतला दुचाकीचं गॅरेज आहे. शाळेतून आले की मी तिथंच बसायची, रॉकेलमधे नटबोल्ट धुवायची. वय वाढलं, स्थळं संपली, म्हणून बिजवराला दिली. पण इंजिन उघडता येणारी बायको ह्यांना दुसरी कुठं मिळाली असती?

अण्णांनी जावयालाच फोनवर घेतलं. ‘हे बघा, पहिले वीस तास मूठ अर्ध्याच्या वर पिळायची न्हाई. एकाच वेगात बी ठिवायचं न्हाई. कमी-जास्त, कमी-जास्त करत ऱ्हायचं. सकाळी चालू केली की जरा तापू द्या, मग निघा. मागं ओझं न्हाई. आतलं सामान नवं असतंय, एकमेकाला घासून बसतंय. तवा दांडगाई केली की जन्मभर धूर!’

हे पोथी ऐकावी तसं ऐकत होते. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आखाडा ते डांबरी, डांबरी ते आखाडा. रिकामी गाडी, हळूहळू. मीटरवर तास बघतात. रस्ता कोरडा ठणठणीत आहे, तरी चिखल असल्यासारखे चाकं जपत चालवतात.

२७ मे

आज गाडी बंद पडली. ओढ्यापलीकडच्या चढावर, हिवराखाली. नवीन गाडी आहे, होतं असं.

२ जून

परत तिथंच!

दुपारी डबा घेऊन मी ओढ्यापर्यंत गेले होते. गाडी चढाला लागली, आवाज बसत गेला, फुरफुर झाली आणि बंद. हिवराची सावली बरोबर सीटवर. हे खाली उतरले नाहीत. हँडलवर डोकं टेकवून बसले. मी जवळ गेले तेव्हा त्यांना कळलंच नाही.

‘बबे, सोड की आता.’

असं म्हणाले. भांडणाच्या सुरात नाही, रोज बोलतात तसं. मला ते ‘अगं’ म्हणतात. माझं नाव राजनंदिनी आहे हे त्यांना ठाऊक आहे का, देव जाणे. डबा तिथंच दगडावर ठेवला आणि परत आले. वाटेत एकदाही मागं वळून बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या लसूण सोलत म्हणाल्या, ‘ती थांबवायली. तिथंच जीव अडकलाय तिचा.’

१० जून, वटपौर्णिमा

वडाला सूत गुंडाळलं. सात जन्म हाच नवरा मिळू दे. मग मधेच आठवलं, हे बबितानंही मागितलं असणार. तिचा अर्ज आधीचा! म्हणजे पुढचे सातही जन्म मी दुसरीच. हसू आलं. पोरगं आतून लाथ मारत होतं.

२५ जून, अमावस्या

वीस तास झाले. पहिली सर्व्हिसिंग. शोरूम लांब परभणीला, आणि माझ्या घरात मी असताना दुसऱ्यानं इंजिनाला हात का लावावा? अण्णांनी एसटीनं नटबोल्टचे पाने आणि तेल पाठवलं होतं. आत्याबाई ओरडत होत्या, ‘आज अवस हाय, पोटुशी बाई लोखंडाला लागती व्हय!’ मी म्हणाले, तेलाला अवस-पुनव कळत नाही.

आधी इंजिन थोडं चालवून गरम केलं. गरम तेल पातळ होतं, घाण घेऊन खाली येतं. खाली पाटी ठेवली, तळाचा बोल्ट सोडला. काळपट तेल सुटलं आणि त्यात बारीक चमक! उन्हात चांदी उगाळल्यासारखी. हे एकदम मागं सरकले. ‘हे काय? आतून झिजली का?’

‘पहिल्यांदा असंच निघतं,’ मी म्हणाले. ‘नवं सामान घासून घासून बसतं, त्याचा चुरा आहे हा. म्हणून तर पहिलं तेल लवकर बदलायचं. तुकडे निघाले तर घाबरायचं. हे बारीक आहे, चांगलं आहे.’

ते वाकून पाटीत बघायला लागले. मग म्हणाले, ‘म्हणजे झिजल्याबिगर बसतच न्हाई.’ मला वाटलं आता माझ्याकडं बघतील. नाही बघितलं.

तेलाची जुनी गाळणी काढून नवी बसवली, बोल्टखाली नवा वॉशर घातला, नवं तेल भरलं, काडी घालून पातळी बघितली. साखळी ढिली झाली होती, ती बोटभर खालीवर होईल इतकीच ताणली. चाकांचे, हँडलचे सगळे नट परत आवळले. पहिल्या महिन्यात ते सैल पडतातच. राहिली हवेची गाळणी. ती सीटखाली असते. सीट उचलायला हात घातला तर आत्याबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

‘तेवढं ऱ्हाऊ दे! नवीच गाडी, हवेला काय झालंय? चक्कर येईल तुला, चल आत.’

खरंच चक्कर आली होती. राहू दिलं.

३ जुलै

आता पूर्ण मूठ पिळायला हरकत नाही. तरी चढावर बंद पडते! उलट जास्तच. मागून काळा धूर येतो. हे आता चढावर नेतच नाहीत, ओढ्यापाशी वळवून आणतात.

सकाळी मी स्वतः नेली. ‘पोटात लेकरू घेऊन’ वगैरे ऐकून घेतलं आणि नेली. सपाटीला पाण्यासारखी चालली. ओढा ओलांडला. चढाला लागले आणि मागं कुणीतरी बसल्यासारखी गाडी जड झाली. खोटं लिहीत नाही. कॅरिअर रिकामं होतं, मला माहीत होतं. तरी मान वळवता आली नाही. हिवराखाली इंजिन थांबलं. सगळं शांत झालं, फक्त तापलेलं लोखंड टकटक वाजत होतं.

‘काय पाहिजे तुला?’ मी मोठ्यानं विचारलं. ‘सगळं तर तुलाच आधी मिळतंय!’

बोलणार कोण? पण मी उत्तराची वाट बघत बसले होते, हे मला घरी आल्यावर कळलं. माझ्या बाळंतपणाच्या वेळी गाडी ह्याच चढावर थांबली तर? मलाही बाजेवर घालतील. हिवराखाली टेकवतील.

१२ जुलै, शनिवार

आज रडून झालं, मग डोकं चालायला लागलं. प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट. अण्णांना फोन लावला.

‘काळा प्लग?’ अण्णा म्हणाले. ‘नंदू, मग पेट्रोल भरपूर जायलंय आन् हवा कमी पडायलीय. सपाटीला भागतंय तिचं. चढाला दम लागतोय. हवेचा रस्ता बघ.’

सीट उचललं. आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या, म्हणून. हवा आत ओढायच्या तोंडात बोट घातलं तर कापड! ओढून काढलं. हिरव्या साडीचा तुकडा, जरीचा काठ. घडी घालून, त्यात कुंकू आणि एक सुपारी. अर्ध्याहून जास्त तोंड बुजलं होतं. गाळणीवर कुंकू उतरलं होतं.

साडी कुणाची ते विचारायची गरज नव्हती. तसल्याच काठाची साडी बबिताच्या ट्रंकेत आहे, आणि त्या ट्रंकेला मी हात लावत नाही.

१३ जुलै

आत्याबाईंच्या पुढं तुकडा ठेवला. वाटलं होतं भांडतील. त्या खालीच बसल्या.

‘गाडी आली त्या दिशीच ठिवलं मी. टाक काय, तुझ्यासंगं फिरतो. मला वाटलं, तिला कायमची जागा आसावी. सीटच्या खाली भोक दिसलं. मला काय ठाव त्यातून हवा जाती?’ आणि मग हुंदका आला. ‘माणसाच्या खांद्यावर गेली गं ती, चिखलात. मी पायाशी चालायली होते. मला म्हणली, आत्याबाई, गाडी कवा येईल? आता गाडी आली. तिला एकदा तरी गाडीत बसून त्यो चढ पार करू दे म्हणलं.’

मला राग आला होता. खूप आला होता. ज्या बाईमुळं गाडी घेतली तिच्याच साडीनं गाडीचा गळा दाबला, आणि पुढं माझा दाबला असता! हे सगळं तोंडावर आलेलं गिळलं. आत्याबाई लहान पोरासारख्या नाक पुसत होत्या. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. चहा ठेवला.

गाळणी साबणानं धुतली, वाळवली, तेलात बुडवून पिळून बसवली. तो तुकडा टाकवला नाही. मागच्या कॅरिअरला आवळून बांधला. साखळीत जाणार नाही, चाकात येणार नाही असा.

‘इथं बसू दे तिला,’ मी म्हणाले.

१४ जुलै

हिवर पार! एका दमात! हे वरती जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, ‘अगं, चढली!’ दात दिसेपर्यंत हसत होते.

२९ जुलै, नागपंचमी

आमच्याकडं आज वारुळाला कुणी जात नाही. चूल उशिरा पेटली.

गाडी आता कुठंच थांबत नाही. मग मलाच का चैन पडत नाही? चढ आला की मी आरशात बघते. हिरवा तुकडा फडफडताना दिसतो आणि बरं वाटतं. बरं का वाटावं? काल साखळीला तेल देताना मी बबिताला सगळं सांगत होते. हे बघा ताई, जास्त तेल नाही घालायचं, माती चिकटते. मोठ्यानं बोलत होते. हे दारात उभे होते. तसेच निघून गेले.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांबरोबर बेडकाच्याही गळ्यात माळ. आत्याबाईंनी दोघांनाही पुरणपोळी दाखवली. बैलांनी खाल्ली.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी शेजारी उभ्या, सारखीच साडी, सारखेच दागिने. दरवर्षी आत्याबाई थोरलीपुढं ताट आधी ठेवतात. आज दोन्ही हातांत दोन ताटं घेतली आणि एकदमच खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. मला मात्र मुखवट्यांकडं बघवेना. थोरलीचे डोळे माझ्यावर होते. मखरापुढून उठून आत आले.

९ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. शेत, वाट, ओढा सगळं एक झालंय. इंजिनाच्या पात्यांमधे चिखल वाळला की इंजिन तापतं, म्हणून हे रोज काडीनं कोरून काढतात. दर थोड्या वेळानं चालू करून बघतात. मी म्हणाले, गार इंजिन उगीच चालू-बंद करू नका, एकदा करा आणि नीट तापू द्या. ‘बंद पडणार न्हाई न्हवं?’ दिवसातून किती वेळा विचारतात!

‘माझ्या हातची सर्व्हिसिंग आहे,’ मी म्हणाले. छाती काढून म्हणाले. आतून मी त्यांच्यापेक्षा जास्त भ्यालेय.

१२ सप्टेंबर, सोनपेठ, दवाखाना

कळा थांबून थांबून येतायत. मधल्या वेळात लिहिते, नाहीतर भीती वाटते.

दुपारी जेवण झालं आणि सुरू झालं. ह्यांनी गाडी दारात लावली, मला सीटवर आपल्या मागं बसवलं. आत्याबाई आखाड्यावरच राहिल्या, तिघांना जागा नव्हती. त्यांनी माझ्या गळ्यातला टाक काढून घेतला, ‘वाटंत तुटंल’ म्हणाल्या. गुडघाभर चिखल. चाकं घसरत होती, पण फसत नव्हती. ओढ्यात पाणी पावलांना लागलं. चढ आला. ह्यांनी पहिल्यांदा मूठ पूर्ण पिळली. मी डोळे मिटले. इंजिनाचा आवाज जरासुद्धा बसला नाही.

आणि माझ्या पाठीला हात होता. तळव्यासहित, बोटांसहित. मागं फक्त कॅरिअर होतं, हे मला माहीत आहे. गाडी हिसके देत होती, मी मागं कलंडले असते. चढ संपेपर्यंत त्या हातानं मला धरून ठेवलं. डांबरीवर आलो, ह्यांनी फोन करून बोलावलेली जीप उभीच होती. उतरले तेव्हा पाठ रिकामी झाली आणि मला रडू आलं. ह्यांना वाटलं कळ आली. ‘राजनंदिनी, झालं, पोचलो आपण,’ म्हणाले. नावानं! आणि मी मागं वळून चिखलातल्या गाडीकडं बघत होते.

१३ सप्टेंबर

पहाटे मुलगी झाली. सगळं व्यवस्थित. हे बेडकावर जाऊन आत्याबाईंना घेऊन आले. टाक त्यांच्या कमरेच्या चंचीत होता. तो त्यांनी काढलाच नाही. मुलीला उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. ‘घे. आधी तुझी. फकस्त तुझी.’

ह्या शब्दांसाठीच तर सगळं चाललं होतं माझं! मुलीनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. आणि माझ्याच तोंडून निघालं —

‘आलात, ताई?’